तेल सोडू नका! : रोलच्या कॅमेऱ्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत बंद पडलेल्या स्टुडिओतले, आजोबांच्या ट्रंकेतले आणि जुन्या बाजारातून उचललेले कॅमेरे बरेच आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न (रत्नागिरी) : वडिलांच्या स्टुडिओतला याशिका मॅट-१२४जी बरीच वर्षं कपाटात पडून होता. १/६० ते १/५०० सेकंदापर्यंत शटर खटकन पडतं. १/१५ च्या खाली गेलं की उघडतं आणि तसंच राहतं. एक सेकंदावर ‘किर्र’ आवाज सुरू होऊन मध्येच थांबतो. ओळखीचे घड्याळजी म्हणतात, दोन थेंब तेल सोडलं की झालं. सोडू द्यावं का? लाइट मीटरचा काटाही हलत नाही.

उत्तर : नको. घड्याळजींचा हात नाजूक कामाला बसलेला असतो, खाली दिलेलं काम कदाचित ते उत्तम करतील. पण तेल हे इथे दुखण्याचं कारण आहे, औषध नव्हे.

शटर म्हणजे ठरावीक वेळ उघडून फिल्मवर उजेड पाडणारी झडप. तुमच्या या एकावर एक दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात खालच्या लेन्सला कोपाल एसव्ही शटर आहे. ते लेन्सच्या भिंगांमध्ये बसतं आणि त्याची पोलादी पाती कागदासारखी पातळ असतात. वरच्या गतींना मुख्य स्प्रिंग पाती उघडते आणि लगेच मिटवते. गती कमी हवी असली की मध्ये छोट्या दातेरी चाकांची एक माळ येते आणि ती स्प्रिंगला रोखून धरते. ‘किर्र’ आवाज तिचाच. या चाकांच्या आसांना कारखान्यात लावलेलं तेल इतक्या वर्षांत चिकट, मेणासारखं झालं आहे. वरच्या गती नीट चालतात याचा अर्थ स्प्रिंग आणि पाती शाबूत आहेत. म्हणजे शटर गेलेलं नाही, फक्त मळलं आहे.

खात्री करायची असेल तर रोल न घालता एक सेकंदावर वीसेक वेळा शटर मारा. हळूहळू मोकळं होत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अडकत असेल, तर निदान पक्कं. मात्र हे करताना ‘व्ही’ खुणेकडे, म्हणजे सेल्फ-टायमरकडे, लिव्हर नेऊ नका. तीही चाकांचीच माळ आहे. ती अडकली तर पूर्ण शटर अडकून बसतं.

दुरुस्ती अशी होते. पुढच्या पट्टीवरचं कातडं एका कोपऱ्यापासून हलकेच उचलायचं, पट्टीचे स्क्रू त्याखाली असतात. पट्टी काढल्यावर खालच्या लेन्सचा पुढचा गट रबराच्या बुचाने दाबून फिरवला की सुटतो. मग शटरवरची कडी आणि गतीची तबकडी निघते, आणि चाकांची माळ समोर येते. तबकडी काढण्याआधी तिच्या खाचेत कोणती पिन कुठे बसली आहे त्याचा फोटो काढायलाच हवा. मग बारीक ब्रशने लायटर फ्लुइड सोडायचं, शटर चालवायचं, मळ बाहेर आला की टिपायचं. फ्लुइड स्वच्छ निघेपर्यंत हेच. पूर्ण वाळल्यावर सुईच्या टोकावर मावेल इतकं घड्याळाचं तेल फक्त चाकांच्या आसांना. पात्यांना काहीही नाही. ती कोरडीच चालायची असतात. त्यांच्यावर तेलाचा पापुद्रा आला की ती एकमेकांना चिकटतात आणि आज चालणारी १/५०० सुद्धा जाते.

याशिकाच्या पुढच्या पट्टीला हात लागला की एक तपासणी टाळू नका. वरच्या लेन्समधून आपण पाहतो आणि खालच्या लेन्समधून चित्र उमटतं, दोन्हींचा फोकस एकत्र जुळलेला हवा. मागचं दार उघडून फिल्मच्या रुळांवर घासलेली काच किंवा मॅट टेप लावलेली काच ठेवा, शटर ‘बी’ वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती खूण) उघडं धरा, आणि अर्धा-एक किलोमीटरवरचा मोबाइल टॉवर दोन्हीकडे एकाच वेळी स्पष्ट होतो का ते भिंगाने पाहा. नसेल तर पुन्हा उघडावं लागेल, आणि हे काम ज्याने उघडलं त्याच्याकडूनच करून घ्या.

आता मीटर. तो वरचा हूड उघडल्यावरच चालू होतो, म्हणून आधी हूड उघडून पाहा. मग बाजूचं सेलचं झाकण काढा. जुना पाऱ्याचा सेल आत राहिला असेल तर पितळी पट्टीवर हिरवट-पांढरा थर दिसेल. सेलमधून गळलेलं द्रव्य अल्कधर्मी असतं, त्यामुळे इअरबडवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. त्यानंतरही काटा मेलेलाच असेल तर सेलपासून आत जाणारी तार आतून सडलेली असण्याची शक्यता जास्त. तार बदलणं सोपं. मीटरची गुंडाळी गेली असेल तर त्यावर पैसे घालू नका. मोबाइलमधला मीटर या कॅमेऱ्याला पुरतो.

आणि रोल घालताना फिल्म सपाट धरणारी आतली दाबपट्टी १२ च्या खुणेवर आहे ना, ते पाहा. ती २४ वर सरकलेली असेल तर ती २२० या लांब फिल्मसाठीची जागा आहे, नेहमीच्या १२० च्या रोलसाठीची नव्हे. 

प्रश्न (नाशिक) : कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री साठी पीएक्स ६२५ सेल कुठेच मिळत नाही. त्याच आकाराचा अल्कलाइन सेल घातला तर रोल फिका आला. मीटर बिघडला का?

उत्तर : मीटर बहुधा ठीक आहे, सेल चुकीचा आहे. पीएक्स ६२५ हा पाऱ्याचा सेल होता. तो शेवटपर्यंत १.३५ व्होल्ट देत असे आणि मीटर त्याच हिशेबाने जुळवलेला आहे. पाऱ्यामुळे १९९० च्या दशकात अमेरिका-युरोपात त्यावर बंदी आली. अल्कलाइन सेल नवा असताना १.५ व्होल्ट देतो, त्यामुळे मीटरला प्रकाश आहे त्यापेक्षा जास्त वाटतो, तो लेन्समधलं उजेडाचं छिद्र लहान करतो आणि निगेटिव्ह पातळ येते. पुढे सेल उतरत जातो आणि चूक रोज बदलत राहते. म्हणूनच फिल्मची गती कमी लावून भरपाई करण्याचा उपाय अल्कलाइनला लागू पडत नाही.

स्वस्त आणि अचूक उपाय मेडिकलमध्ये मिळतो : श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, निळ्या चिकटपट्टीचा. तो सुमारे १.४ व्होल्ट देतो. व्यास साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास आहे आणि कॅमेऱ्यातली जागा सुमारे सोळा मिलिमीटरची, म्हणून भोवती रबरी रिंग बसवा. पट्टी काढल्यावर पाचेक मिनिटं हवेत ठेवून मग घाला. एकदा पट्टी काढली की सेल महिना-दोन महिनेच टिकतो, वापरा किंवा नका वापरू. ते नको असेल तर व्होल्टेज उतरवणाऱ्या डायोडची अडॅप्टर रिंग आणि तिच्यात सिल्व्हर ऑक्साइड सेल. खर्च एकदाच, पुढे डोक्याला ताप नाही.

सगळ्या जुन्या कॅमेऱ्यांना हा त्रास नसतो. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मीटरचं सर्किट असं आहे की व्होल्टेज थोडं जास्त असलं तरी काटा तिथेच येतो. के१००० ला तर सरळ एलआर४४ लागतो. त्याला मीटर बंद करायचं बटण नाही, म्हणून लेन्सवर टोपण ठेवायची सवय लावा, नाहीतर सेल उतरतो.

प्रश्न (म्हापसा) : निक्कॉर ५० मिमी लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसतात. काही जण म्हणतात उन्हात ठेवा, काही म्हणतात टाकून द्या, नाहीतर बाकीच्या लेन्सनाही लागेल.

उत्तर : ही बुरशी आहे, आणि गोवा-कोकणातल्या पावसाळ्यात ती लागणं नवलाचं नाही. बीजाणू घरातल्या हवेत कायम असतातच, त्यामुळे लेन्स टाकून देण्यात अर्थ नाही. त्यांना वाढायला ओलावा लागतो. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की ते वाढतात. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याहून खाली क्वचितच उतरते.

आधी ती बुरशीच आहे का ते पक्कं करा. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, पूर्ण उघडून मागून टॉर्च तिरका मारा. तंतू फांद्यांसारखे पसरलेले दिसले तर बुरशी. सुटे ठिपके म्हणजे धूळ, आणि धुळीसाठी लेन्स उघडण्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. सगळीकडे सारखा धुरकटपणा असेल तर ग्रीसमधलं तेल उडून काचेवर बसलं आहे. आणि कडेला इंद्रधनुषी चट्टा दिसला तर दोन भिंगं जोडणारा गोंद सुटतो आहे. हे शेवटचं दुखणं सर्वांत खर्चिक, साध्या ५० मिमीसाठी तर परवडतच नाही.

तंतू थोडे आणि कडेला असतील तर फोटोवर परिणाम दिसणार नाही. उजेडाच्या दिशेने फोटो काढला तरच चित्र थोडं फिकं पडेल. अशा वेळी लेन्स न उघडता फक्त कोरड्या जागी ठेवा, वाढ थांबते. मधोमध असेल तर काढावीच लागते, आणि लवकर. बुरशी आम्ल सोडते, ते आधी भिंगावरचा लेप आणि मग काच खातं. एकदा खड्डे पडले की पुसून जात नाहीत. कारागीर पुसून झाल्यावर ‘डाग राहिला’ म्हणतो तेव्हा तो कामचुकारपणा करत असतोच असं नाही.

सफाईसाठी भिंग लेन्समधून बाहेर काढायला हवं. तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समप्रमाणात, तेही खिडकी उघडी ठेवून. टिश्यू त्यात भिजवून भिंगावर पाचेक मिनिटं, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी अल्कोहोलने मधून कडेकडे पुसणं. ज्या भिंगाच्या कडेला गोंदाची जोड आहे ते भिजत ठेवायचं नाही. उघडायला लेन्स स्पॅनर आणि जपानी मापाचे स्क्रूड्रायव्हर हवेत. साध्या फिलिप्स टोकाने जपानी स्क्रूचं डोकं हमखास खरवडलं जातं, आणि मग तो स्क्रू ड्रिलनेच निघतो. हे दोन्ही नसेल तर कारागिराकडे द्या.

उन्हात ठेवल्याने काय होतं? अतिनील किरणांनी बुरशी काही प्रमाणात मरते, पण जाळं तिथेच राहतं, आणि उन्हाच्या तापाने ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. नफा थोडा, तोटा नक्की.

ठेवण्याची जागा हाच खरा इलाज. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात दीडशे-दोनशे ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान ठेवा. तीसच्या खाली गेला तर कातडं आणि ग्रीस सुकतं. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवून पुन्हा वापरता येतं. मूळ चामडी केसमध्ये कॅमेरा मुळीच ठेवू नका, ओलावा धरून ठेवायला त्याहून चांगली जागा नाही. डबा असो की कपाट, डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते.

प्रश्न (सोलापूर) : पेंटॅक्स के१००० मधून काढलेल्या रंगीत फोटोंवर डाव्या कडेला नारिंगी पट्टा येतो. व्ह्यूफाइंडरमध्ये काळे कणही दिसतात. मागचं दार उघडलं की बोटाला डांबरासारखं काहीतरी लागतं.

उत्तर : तिन्ही तक्रारींचं मूळ एकच : फोम. दाराच्या खाचांत, बिजागरीपाशी आणि आरशाच्या वर उजेड आणि धक्का अडवायला फोमच्या पट्ट्या असतात. काही दशकांत तो फोम विरघळून चिकट होतो. पट्टा डाव्या कडेला येतो म्हणजे उजेड बहुधा बिजागरीकडून शिरतो. लेन्स चित्र उलटं पाडते, त्यामुळे मागून पाहताना उजवीकडची गळती फोटोत डावीकडे दिसते. निगेटिव्हवर काळा पट्टा भोकांच्या ओळीपर्यंत गेलेला दिसला तर दाराची गळती नक्की. तो चौकटीच्या आतच थांबत असेल तर शटरचा पडदा तपासा.

हे काम घरी करता येतं. नव्व्याण्णव टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. जखमेसाठी मिळतं त्यात पाणी असतं. बांबूच्या टूथपिकला अल्कोहोल लावून जुना फोम थोडा थोडा खरवडा. कॅमेरा उलटा धरा, म्हणजे कचरा शटरच्या कापडावर पडणार नाही. वरच्या-खालच्या खाचांत काळा लोकरीचा धागा बसतो, दोन मिलिमीटर जाडीचा. बिजागरीपाशी दीड-दोन मिलिमीटरचा चिकट पाठीचा काळा फोम. पाठ थोडी ओली करून बसवलात तर जागेवर सरकवता येतो, वाळला की धरतो. नंतर दार बंद करताना जोर लावावा लागत असेल तर फोम जाड झाला आहे, काढून पातळ लावा.

आरशावरची पट्टी बदलताना मात्र जपून. तिच्या लगत वर फोकसिंग स्क्रीन आहे, मऊ प्लॅस्टिकची. तिला अल्कोहोल लागलं किंवा कापडाने पुसलं की कायमचे ओरखडे. आरशाची चकाकी काचेच्या वरच्या बाजूला असते, ती बोटानेही निघते. दोन्हींवर काही पडलं तर फक्त हवेचा फुगा. काळे कण स्क्रीनवरचेच असतील. ते फोटोत उमटत नाहीत, त्यामुळे थोडे राहिले तर राहू द्या. स्क्रीन चकचकीत करण्याच्या नादात ती खराब करून घेणं हा या कामातला सर्वांत महागडा मोह आहे.

प्रश्न (अमरावती) : झेनिट-ई बरोबर आलेली हेलिओस ४४-२ फोकसला फार घट्ट होती. शिलाई मशिनचं तेल सोडलं, दोन आठवडे छान फिरली. आता पात्यांवर तेल दिसतं आणि मागच्या काचेवर धूसरपणा.

उत्तर : जे होणार होतं तेच झालं. फोकसच्या आट्यांमध्ये घट्ट ग्रीस असतं. पातळ तेलाने ते सैल झालं, ओघळून पात्यांवर आलं आणि काचेवर वाफारलं. व्हॅसलीन किंवा गंज सोडवण्याचा स्प्रे वापरला असता तरी हेच.

पात्यांवरच्या तेलाची घाई नको. या लेन्सचं अ‍ॅपर्चर हाताने आधी लावून ठेवायचं असतं, कॅमेरा ते झपकन बंद करत नाही. त्यामुळे तेलकट पात्यांनी एक्स्पोजर चुकत नाही. हेच स्वयंचलित अ‍ॅपर्चरच्या लेन्समध्ये असतं तर पाती उशिरा मिटून फोटो जास्त उजळ आले असते. धुरकट काच आणि आटे मात्र साफ करायला हवेत.

फोकसची कडी तीन बारीक स्क्रूंवर बसते. ते सैल करून कडी काढल्यावर आटे सोडताना दोन्ही भागांवर, ज्या ठिकाणी ते वेगळे होतात तिथे, टोकदार सुईने खूण करा. इथे आट्यांना अनेक सुरुवाती असतात. चुकीच्या सुरुवातीने बसवलं तरी लेन्स छान फिरते, फक्त दूरचं काही फोकस होत नाही. सगळं जुनं ग्रीस लायटर फ्लुइडने धुऊन, डॅम्पिंग ग्रीस मोहरीच्या दाण्याएवढं तीन-चार ठिकाणी लावा आणि फिरवून पसरवा. जास्त लावलेलं ग्रीस आतच उतरतं.

प्रश्न (जळगाव) : घरी अ‍ॅग्फा क्लिक थ्री आहे. दुरुस्तीला द्यावा का?

उत्तर : द्यायची गरज बहुधा नाही. वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला हा कॅमेरा इतका साधा आहे की शटर अडकलं असेल तर लायटर फ्लुइडचा एक हात पुरतो. अ‍ॅसिटोन लावू नका, प्लॅस्टिक विरघळेल. मागच्या लाल खिडकीवर काळी टेप लावा आणि रोल पुढे नेतानाच ती उचला, तीही सावलीत. आजच्या फिल्मला लाल उजेडही दिसतो. १२० चा रोल, बारा फोटो, भर उन्हात १०० आयएसओ.

प्रश्न (मुंबई) : फोर्टमध्ये बोरा बाजारच्या आसपास कॅमेरा द्यायचा विचार आहे. कारागिराला नेमकं काय सांगावं, आणि परत घेताना काय तपासावं?

उत्तर : ‘सर्व्हिसिंग करा’ एवढंच म्हणू नका, त्यात तेलपाणी करून कॅमेरा परत येतो. तक्रार चिठ्ठीवर लिहून द्या : कोणत्या गतीला, थंड असताना की वापरून झाल्यावर, प्रत्येक वेळी की अधूनमधून. बॉडीचा आणि लेन्सचा नंबर त्याच चिठ्ठीवर लिहून सही घ्या. शटरच्या गती यंत्रावर मोजून देणार का ते विचारा. मोजलेले आकडे लिहून द्यायला तयार असलेल्या माणसाला थोडे जास्त पैसे दिलेले परवडतात. बदललेले भाग परत मागा.

यांत्रिक कॅमेरा असेल, निकॉन एफएम२, के१००० किंवा झेनिट, तर खर्च करायला हरकत नाही. सुटे भाग नवे बनत नसले तरी मोडीतल्या बॉडीतून मिळतात. कॅनन एई-१ सारख्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याचं सर्किट गेलं असेल तर दुसरी चालू बॉडी घेणंच स्वस्त पडतं. पण एई-१ शटर मारताना फक्त कुई करत असेल तर घाबरू नका. ते आरशाच्या चाकांचं वंगण सुकल्यामुळे होतं, आणि तिथे मात्र तेलाचा एक थेंब नेमक्या जागी लागतोच.

परत घेताना दुकानातच मोबाइलचा स्लो-मोशन व्हिडिओ २४० फ्रेमवर लावा. मागचं दार उघडून कॅमेरा उजेडाकडे धरा आणि मागून चित्रण करा. शटर उघडं दिसणाऱ्या फ्रेम मोजायच्या : एक सेकंदाला २४०, १/४ ला ६०, १/१५ ला १६, १/३० ला ८. आठच्या जागी सात ते दहा आल्या तर चालेल, पंधरा आल्या तर नाही. १/१२५ च्या वर मोबाइल पुरत नाही. पडद्याच्या शटरसाठी पहिल्या रोलमध्ये निरभ्र आकाशाचे दोन फोटो १/५०० आणि १/१००० ला काढा. एक कड गडद आली तर दोन पडद्यांचा वेग जुळलेला नाही, म्हणजे ताण पुन्हा लावावा लागेल.

लॅबकडून नुसतं स्कॅन घेऊ नका, निगेटिव्हही मागा. स्कॅनर एक्स्पोजरची चूक आपोआप सावरून घेतो आणि बिघडलेला कॅमेराही चांगला वाटतो. निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून पाहा, एका गतीचे फोटो सातत्याने जास्त काळे किंवा जास्त पातळ दिसले तर त्याच आठवड्यात चिठ्ठी घेऊन दुकानात जा.